उपचार फुकट, पण तिकिटाचं काय?

रामटेकहून सकाळी नागपूरला सुटणाऱ्या एसटीत सगळेच नोकरी-कॉलेजवाले नसतात. कुणाच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट असतं, कुणाच्या पिशवीत डबा, चादर आणि जपून गुंडाळलेली फाइल. हे लोक ‘मेडिकल’ला, ‘मेयो’त, ‘डागा’त किंवा ‘सुपर’ला निघालेले असतात. नागपूरच्या सरकारी दवाखान्यांची ही घरगुती नावं रामटेकमध्येही तोंडपाठ आहेत. उपजिल्हा रुग्णालयात ‘पुढे न्या’ म्हटलं, की पुढे म्हणजे नागपूर, सुमारे ५० किलोमीटर. देवलापारकडच्या आडगावातल्या माणसाला तर आधी महामार्ग गाठावा लागतो. शहरात उतरल्यावर ऑटोचे पैसे वेगळे. एम्सला जायचं असेल तर अख्खं नागपूर ओलांडून मिहानपर्यंत जावं लागतं.

शस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलतं. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी विमा योजना आयुष्मान भारतशी जोडली गेली आहे. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण तिच्यात मिळतं. खाट, औषधं, तपासण्या, जेवण हे सगळं पॅकेजमध्ये येतं. त्याच यादीत एक बारीकशी ओळ आहे: रुग्णाला दवाखान्यातून घरी जाण्यासाठी एकदाचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं.

एकदाचं, आणि तेही परतीचं. येतानाचं नाही, सोबत आलेल्या माणसाचं नाही.

जुन्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत संरक्षण अवघं ३० हजारांचं होतं, पण दर भरतीमागे प्रवासाचे १०० रुपये मिळत, वर्षाला जास्तीत जास्त १,०००. अमेरिकेत गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’मध्ये तर रुग्णाला दवाखान्यापर्यंत नेण्या-आणण्याची सोय करणं राज्यांवर बंधनकारक आहे.

आपल्याकडे सोयी नाहीत असं नाही. त्या पाच ठिकाणी विखुरल्या आहेत. अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश अशा वेळी १०८ क्रमांकाची गाडी फुकट येते. राज्यात ही सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. बाळंतिणीसाठी १०२ आहे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार घरून सरकारी दवाखान्यात, तिथून गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात आणि बाळंतपणानंतर पुन्हा घरी असा तिन्ही टप्प्यांचा प्रवास मोफत आहे. आजारी तान्ह्या बाळालाही ही सोय लागू आहे.

खरी अडचण वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारांची. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी रामटेकहून नागपूरला जाणाऱ्याचा हिशेब मांडला, तर वर्षाला १०४ खेपा आणि १० हजार किलोमीटरहून जास्त प्रवास होतो. १०८ ची गाडी यासाठी नसते. इथे विमा नाही, एसटी उपयोगी पडते. डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्हीच्या रुग्णांना महामंडळाची प्रवास सवलत आहे, कर्करुग्णांनाही आहे. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित कुटुंबांत सिकलसेल घरोघरी ऐकू येणारा शब्द असल्याने रामटेक तालुक्यासाठी ही सवलत मोलाची. त्याशिवाय महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहेच. रामटेकहून इतवारीकडे रेल्वेही जाते, आणि रेल्वेतही कर्करोग, क्षयरोग, डायलिसिस अशा आजारांसाठी भाड्यात सूट मिळते. अधिसूचित आदिवासी भागातल्या क्षयरुग्णाला प्रवासासाठी एकरकमी ७५० रुपयांची वेगळी तरतूद आहे.

घोडं अडतं ते कागदावर. एसटीचं प्रमाणपत्र वेगळं, रेल्वेचा नमुना वेगळा, योजनेची खिडकी वेगळी. ज्याची रोजी बुडाली आहे, त्यानेच या दारातून त्या दारात फिरायचं. डॉक्टर ज्या टेबलावर ‘नागपूरला न्या’ असं लिहून देतात, तिथेच सवलतीचा कागदही हातात पडला, तर नवी योजना न आणताही निम्मं काम होईल.

तोवर रुग्णाच्या माणसांनीच विचारायला हवं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. सुट्टी मिळण्याच्या दिवशी, कागदावर सही करण्याआधी, त्याला परतीच्या भाड्याबद्दल विचारा. एसटीच्या सवलतीसाठी कोणतं प्रमाणपत्र लागतं आणि ती कोणत्या गाडीत चालते, हे आगारात विचारून घ्या. योजनेबद्दल शंका असेल तर १५५३८८ हा मदत क्रमांक आहे.