प्रमाणपत्र देणाऱ्याची पारख

मागच्या वेळी शब्दप्रमाणाचा विषय संपवताना एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, हे सगळं ठीक, पण आमच्या कारखान्यात याचा उपयोग काय?" प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. आज त्याचं उत्तर कारखान्यातूनच द्यायचा प्रयत्न करू.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाला आणि वडिलांचं भोसरीतलं वर्कशॉप सांभाळू लागला. आमच्या शिकवण्याने धंद्याचं नुकसान झालं नाही, एवढंच श्रेय आम्ही घेतो. बावीस माणसं, तीन सीएनसी मशिनं, पंपांसाठी लागणाऱ्या शाफ्ट आणि बुशचं जॉबवर्क. एका मोठ्या गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं, आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट असेल तर वर्षभराची ऑर्डर देऊ. त्याच आठवड्यात कुणाचा तरी फोन आला. चार दिवसांत सर्टिफिकेट, बघायला कुणी येणार नाही, कागद सगळे आम्हीच तयार करू. यानं पैसे भरले. सोनेरी किनारीचा, परदेशी वाटावं अशा नावाचा कागद कुरियरने आला, फ्रेम करून ऑफिसात लागला. गिऱ्हाइकाच्या पर्चेस विभागाने त्याची प्रत पाहिली आणि दुसऱ्या दिवशी कळवलं, हे चालणार नाही. ऑर्डर शेजारच्या गाळ्यात गेली.

तो आमच्याकडे आला तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता : "सर, मी खोटं काही केलं नाही. पैसे दिले, कागद आला." त्याला आम्ही लगेच काही बोललो नाही. पण त्या वाक्यातच सगळी गोम आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आयएसओ ही संस्था १९४७ पासून काम करते, तिचं मुख्यालय जिनिव्हात आहे. ९००१ हे मानक तिनं १९८७ साली पहिल्यांदा काढलं, पुढे ते अनेकदा सुधारलं. पण आयएसओ स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती फक्त मानक लिहिते. त्या मानकाप्रमाणे तुमचं काम चालतं का, हे पाहून सांगणाऱ्या संस्था वेगळ्या. त्यांना प्रमाणन संस्था म्हणतात. तेव्हा "आम्ही थेट आयएसओकडून आणून देतो" असं कुणी म्हणालं, तर पुढचं ऐकायची गरज नाही.

आता आपल्या विषयाकडे येऊ. प्रमाणपत्र या शब्दातच प्रमाण बसलंय. गिऱ्हाईक भोसरीला येऊन तुमची मशिनं पाहणार नाही, म्हणजे प्रत्यक्ष गेलं. नुसत्या अनुमानावर वर्षाची ऑर्डर कुणी देत नाही. उरलं शब्दप्रमाण, दुसऱ्याच्या सांगण्यावरचा विश्वास. नैयायिकांनी म्हटलं, शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असला तर. आणि आप्त म्हणजे कोण, तर वात्स्यायनाने दोन गोष्टी मागितल्या : त्यानं ती वस्तू स्वतः जाणलेली असली पाहिजे, आणि जशी जाणली तशीच सांगायची त्याची इच्छा असली पाहिजे. गंमत बघा, हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे असंही तो सांगून ठेवतो. म्हणजे नाव परदेशी आहे म्हणून आप्तत्व येत नाही, आणि परदेशी आहे म्हणून जातही नाही.

पहिली अट घ्या, जाणणं. आमच्या विद्यार्थ्याच्या गाळ्यात कुणी पाऊलच टाकलं नव्हतं. मग त्या कागदावरचं वाक्य कुणाचं ज्ञान सांगत होतं? कुणाचंच नाही. इथे मोजायला सोपी गोष्ट आहे ती ऑडिटच्या दिवसांची. किती माणसांच्या कारखान्याला साधारण किती दिवस द्यायचे, याचा आंतरराष्ट्रीय तक्ताच आहे. सोळा ते पंचवीस माणसांसाठी पहिल्या प्रमाणनाला तीन दिवस धरतात. काम अगदी साधं असेल तर त्यात थोडी कपात करता येते, तीही तीस टक्क्यांपर्यंतच. शिवाय एकदा कागद दिला की संपलं असं नसतं. चक्र तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी देखरेखीचं ऑडिट होतं. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. किती दिवस येणार, येणाऱ्या ऑडिटरने आमच्यासारखं मशिनिंगचं काम कधी पाहिलंय का, हे विचारा. कॉलेजं आणि हॉस्पिटलं तपासत आलेला माणूस तुमच्या गेजपुढे उभा राहिला तर त्याला काय दिसणार?

दुसरी अट, जसं आहे तसं सांगण्याची इच्छा. खरी अडचण इथे आहे, कारण ऑडिटरचे पैसे ज्याची तपासणी व्हायची तोच देतो! परीक्षेला बसलेल्या मुलानेच परीक्षकाची फी भरायची, असा हा मामला आहे. आम्ही चाळीस वर्षं पेपर तपासले, त्यामुळे ही व्यवस्था कळली तेव्हा आम्हाला धक्काच बसला होता. पण व्यवस्था करणाऱ्यांनाही हे दिसत होतं. प्रमाणन संस्थांसाठीच एक मानक आहे, आयएसओ/आयईसी १७०२१-१. त्यात निःपक्षपातीपणावर फार भर आहे. ज्याला प्रमाणपत्र द्यायचं त्याला सल्ला देण्याचा धंदा त्या संस्थेने करायचा नाही. एखाद्या कंपनीचं अंतर्गत ऑडिट करून दिलं असेल, तर किमान दोन वर्षं तिला प्रमाणपत्र द्यायचं नाही. "कागदही आम्हीच बनवू, तपासूही आम्हीच" असं सांगणारा फोन दुसऱ्या अटीवर तिथल्या तिथे नापास होतो. आमच्या विद्यार्थ्याला ती सोय वाटली होती.

आता तुम्ही म्हणाल, त्या संस्था हे मानक पाळतात की नाही ते कोण पाहतं? त्यासाठी अधिस्वीकृती मंडळं असतात. आपल्याकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया १९९७ मध्ये स्थापन झाली, तिचं एनएबीसीबी हे मंडळ प्रमाणन संस्थांना तपासून मान्यता देतं. ब्रिटनमध्ये हेच काम यूकेएएस करतं. मग त्या मंडळांना कोण तपासतं? ती एकमेकांची तपासणी करतात, आणि परस्पर मान्यतेचा आंतरराष्ट्रीय करार त्यांच्यात आहे. तुमच्यातल्या कुणी तर्कशास्त्र वाचलं असेल तर त्याच्या ओठावर आलंच असेल : आधी अनवस्था, आणि ती टाळायला गेलो तर अन्योन्याश्रय! बरोबर आहे. यावर नैयायिकाचं उत्तर आम्हाला आजही पटतं. ज्ञान खरं की खोटं हे शेवटी त्यावर विसंबून केलेली कृती सफल होते की नाही यावरून कळतं. प्रमाणपत्र पाहून माल घेतला आणि दर महिन्याला रिजेक्शन येत राहिलं, तर तक्रार खालून वर जाते आणि वरच्यांना उत्तर द्यावं लागतं. साखळीला अर्थ आहे तो तक्रारीला वर जायची वाट आहे म्हणून. नकली संस्थेच्या वर कुणीच नसतं, किंवा तिनंच काढलेलं दुसरं नकली मंडळ असतं. हा प्रकारही होतो.

म्हणून कागद हातात घेतला की अधिस्वीकृतीचं चिन्ह शोधा, आणि त्यावर न थांबता त्या मंडळाच्या संकेतस्थळावर जाऊन संस्थेचं नाव यादीत आहे का ते बघा. तुमच्या उद्योगक्षेत्रासाठी मान्यता आहे का तेही बघा; एका क्षेत्राची मान्यता दुसऱ्याला चालत नाही. आयएएफ सर्टसर्च या जागतिक नोंदीतही प्रमाणपत्र शोधता येतं. सोन्याच्या दागिन्यावरचा हॉलमार्कचा क्रमांक आपण मोबाइलवर तपासतो, तितकंच हे सोपं आहे. कागदावर 'व्याप्ती' लिहिलेली असते, तीही वाचा. व्याप्तीत फक्त ट्रेडिंग असेल तर मशिनिंगसाठी तो कागद कोरा आहे.

हे सगळं करूनही एक मर्यादा राहते, ती लपवणं बरं नाही. ९००१ हे काम करण्याच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, मालाचं नाही. मालावर आयएसआयची खूण असते, ती वेगळी. फ्रान्समधल्या पीआयपी या कंपनीचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. स्तनांत बसवायच्या रोपणांत तिनं औद्योगिक सिलिकॉन भरलं होतं. २०१० मध्ये ते उघडकीला आलं, पुढे मालकाला कैद झाली. तिच्या गुणवत्ता पद्धतीला प्रमाणपत्र होतं आणि तपासणीही नियमित होत होती. पण तपासणीची तारीख आधी कळायची आणि त्या दिवशी नको ते दडवलं जायचं. आप्ताला दिसलं तेवढंच तो सांगू शकतो. ते रोपण शरीरात घेऊन फिरणाऱ्या बायकांपर्यंत मात्र फक्त कागदावरचा विश्वास पोचला होता.

आमच्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्यानं मान्यता असलेल्या तीन संस्थांकडून दर मागवले, आणि तिघांनाही आम्ही सुचवलेला एक प्रश्न विचारला : "तुम्ही कधी कुणाला नाही म्हणालात का?" दोघांनी विषय बदलला. तिसऱ्या संस्थेच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, हो, म्हणतो, आणि तक्रार करायची असेल तर पद्धत ही. त्यानं त्यांनाच बोलावलं. ऑडिटच्या दुसऱ्या दिवशी रात्री फोन आला. आवाज पडलेला. एनसी निघाली होती : ज्या मायक्रोमीटरवर रोज शाफ्ट मोजत होते त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत सात महिन्यांपूर्वीच संपली होती. तपासून घेतला तर तो खरोखरच चुकीचं दाखवत होता. मग त्या सात महिन्यांत गेलेल्या मालाचं काय, या विचाराने त्याला झोप लागेना. शेवटी त्यानं स्वतःच गिऱ्हाइकांना कळवून दोन लॉट परत मागवले. प्रमाणपत्र दोन महिने उशिरा आलं.

एक चिठ्ठी आली आहे : सल्लागार नेमावा की नाही? जरूर नेमा, त्यात गैर काही नाही, नवख्याला मदत लागतेच. फक्त त्याचं बिल आणि ऑडिटचं बिल एकाच घरातून येत नाही ना, एवढं बघा. आणि त्यानं लिहून दिलेली कार्यपद्धती तुमच्या मशीनवरच्या पोराला वाचून दाखवा. "आपल्याकडे असं कुठे करतो?" असं तो म्हणाला, तर कागद परत पाठवा. पुढची चिठ्ठी?