विश्वाबाहेर घड्याळ नाही
काळ आणि पुंजयामिकी : लेखांक सहावा

पुंजयामिकीत कणाचे स्थान, त्याची ऊर्जा आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, या प्रत्येक राशीला एक गणिती कारक नेमून दिलेला असतो आणि मापनात कोणती मूल्ये मिळू शकतील हे त्या कारकावरून ठरते. काळाला मात्र असा कारक नाही. एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ साली मांडलेल्या समीकरणात काळ येतो तो प्राचल म्हणून, म्हणजे जिच्या अनुरोधाने बाकी सारे बदलते, पण जी स्वतः त्या व्यवस्थेचा भाग नसते, अशी बाहेरून पुरवलेली संख्या म्हणून. ही उणीव दुर्लक्षामुळे राहिलेली नाही. ऊर्जेच्या जोडीचा असा काळाचा कारक मानला, तर कोणत्याही व्यवस्थेची ऊर्जा हवी तितकी खाली नेता येईल आणि ज्या किमान ऊर्जापातळीमुळे अणू टिकून राहतात ती पातळीच उरणार नाही, असा आक्षेप वोल्फगांग पाउली यांनी घेतला होता.

प्रयोगशाळेत यामुळे काही अडत नाही. सिझियम अणूच्या एका विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून रूढ आहे, आणि ज्या अणूंवर प्रयोग चालू असतो त्यांच्यापासून वेगळे ठेवलेले असे घड्याळ काळ मोजत राहते. पण अभ्यासाचा विषय संपूर्ण विश्वच असेल, तर घड्याळ ठेवायला बाहेरची जागा कोठून आणणार? जॉन व्हीलर आणि ब्राइस डीविट यांच्या नावाने ओळखले जाणारे, डीविट यांच्या १९६७ च्या निबंधात आलेले विश्वाचे पुंज-समीकरण तपासले, तर त्यात काळ नावाची राशी सापडतच नाही. समीकरण शब्दशः घ्यावे, तर विश्व एकाच स्थितीत थिजलेले ठरते, आणि ते थिजलेले नाही हे तर उघड आहे.

या पेचातून निघणारी एक वाट पेणच्या खारेपाटातील शेतकऱ्याला किंवा रोह्याखालच्या कुंडलिका खाडीत जाळे टाकणाऱ्याला अनोळखी वाटणार नाही. भरती केव्हा येईल हे मनगटावरच्या घड्याळाविना, तिथीवरून सांगितले जाते. दर तिथीला भरती सुमारे पाऊण तास पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. येथे पाण्याचा बदल अमूर्त काळाशी न जोडता चंद्राच्या बदलाशी जोडलेला असतो. विश्वातील एका राशीला घड्याळ मानून दुसरी राशी तिच्या संदर्भात कशी बदलते एवढेच विचारणे, यालाच सापेक्ष किंवा संबंधाधिष्ठित काळ म्हणतात.

ही कल्पना नेमक्या गणितात उतरवण्याच्या कामात शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांचा वाटा फार मोठा आहे. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेची समीकरणे त्यांनी १९८६ साली नव्या चलांत मांडली. त्यातून पुढे लूप-पुंजगुरुत्वाचा सिद्धान्त उभा राहिला, ज्यात अवकाश सलग नसून त्याच्या क्षेत्रफळाला किमान मर्यादा असते. २००६ साली अष्टेकर, तोमाश पाव्हलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी एका साध्या, सर्व दिशांना सारख्या विश्वाचा विचार केला आणि त्यात वस्तुमानरहित अदिश क्षेत्र, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी दिशाहीन अशी केवळ एक संख्या असलेले क्षेत्र, घड्याळ म्हणून निवडले. या घड्याळाच्या संदर्भात विश्व मागे मागे नेले असता घनता अनंत होत नाही. एका प्रचंड पण सान्त घनतेपाशी आकुंचन थांबते आणि त्यापलीकडे आधीचे, आकुंचन पावणारे विश्व दिसू लागते. महास्फोटाच्या जागी तेथे महाउसळी येते.

घड्याळाची ही निवडच या कामातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. खाडीच्या बांधाच्या उघाडीपाशी, म्हणजे पाण्याच्या दारापाशी, पाण्याची एकच पातळी भरतीत एकदा आणि ओहोटीत एकदा अशी दोनदा येते, म्हणून केवळ पातळी पाहून वेळ सांगता येत नाही. त्याचप्रमाणे उसळी घेणाऱ्या विश्वाचे एकच आकारमान उसळीच्या आधी आणि नंतरही येते, त्यामुळे आकारमान हे संपूर्ण इतिहासाचे घड्याळ होऊ शकत नाही. वस्तुमानरहित क्षेत्राचे मूल्य मात्र एकाच दिशेने बदलत जाते. त्याच क्षेत्राला वस्तुमान दिले, तर ते आंदोलने करू लागते आणि थोड्या अवधीपुरतेच भरवशाचे राहते. शिवाय वेगवेगळी घड्याळे निवडल्यास वेगवेगळे पुंज-सिद्धान्त हाती येऊ शकतात, हा कारेल कुखार्ज यांनी नोंदवलेला आक्षेप गंभीर आहे. महाउसळीला निरीक्षणाचा थेट आधारही अद्याप मिळालेला नाही. कुखार्ज यांच्या आक्षेपाला दिली गेलेली उत्तरे पुढील लेखांकात पाहता येतील.