बाळंतपण : सुरी कधी, सबुरी कधी?

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आया-आज्या म्हणत. ते खोटे नव्हते. जुन्नरच्या आपटाळे-मढकडून किंवा आंबेगावच्या तळेघर-आहुपेकडून अडलेली बाई भर पावसात खाली आणायची, म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. अशा वेळी वेळेवर केलेले सिझर आई आणि बाळ दोघांनाही वाचवते. मूल आडवे असेल, वार तोंडाशी असेल, बाळाचे ठोके मंदावत असतील, तर सुरीला भिऊ नये.

पण गरज नसताना केलेले सिझर? त्यात रक्त जास्त जाते, टाके पिकू शकतात, पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांना चिकटण्याचा धोका राहतो. रोजंदारीवरच्या बाईचा रोज बुडतो आणि बिलासाठी कर्ज होते ते वेगळेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील खाजगी दवाखान्यांत शंभरातील सुमारे ४७ बाळंतपणे सिझरने झालेली दिसली. सरकारी दवाखान्यांत सुमारे १४. बाईचे शरीर तर दोन्हीकडे सारखेच!

कळांच्या इंजेक्शनचेही तसेच. बाळ जन्मल्याबरोबर ऑक्सिटोसिन दिले की रक्तस्राव आवरतो. तेच बाळ जन्मण्याआधी घरी कोणी टोचले, तर कळा बेफाम होतात, बाळ गुदमरते, पिशवी फाटू शकते. औषध तेच, वेळ चुकली की घात.

म्हणून भगिनींनो, आणि घरच्या पुरुषांनो, डॉक्टरांना नम्रपणे पण न घाबरता विचारा : सिझर कशासाठी? आणखी थांबता येईल का? थांबलो तर धोका कोणाला? मात्र तातडी आहे असे सांगितले, तर वाद घालत वेळ दवडू नका.

आपल्याजवळ सिझरची आणि रक्ताची सोय कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, हे आशाताईंना सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तेथे बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि घरी परतायची गाडी मोफत आहे. १०८ नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

हे कोणाचे उपकार नव्हेत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, आईला विसावा मिळणे देशाच्याच हिताचे आहे, असे बाबासाहेबांनी मांडले होते. तो हक्क आपण मागून घेतला पाहिजे.