पेटीवर नाव आपले, आंबा कुणाचा?



‘रत्नागिरी हापूस’ असे छापलेल्या पेटीतून परप्रांतातला आंबा विकला जातो, तेव्हा आपला जीव जळतो. वर्षभर खत, फवारणी, राखण आपण करायची आणि नावाचा पैसा दुसऱ्याने खायचा! म्हणूनच २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सर्वांना बरे वाटले. आज मी अशाच एका खोट्या पेटीविषयी लिहिणार आहे. ही पेटी बाजारात नाही, आपल्याच घरात भरली जाते आहे.

कॉलेजातल्या मुलांना नुसती परीक्षा देऊन भागत नाही. जर्नल, असाइनमेंट, प्रकल्प अहवाल असे बरेच लेखी काम करून द्यावे लागते आणि त्याला गुण असतात. हे काम पैसे घेऊन करून देणारी माणसे आता मोबाइलवर सापडतात. त्यांचे खरे नाव-गाव कुणाला ठाऊक नसते. विषय कळवायचा, पैसे मोबाइलवरूनच पाठवायचे, की दोन दिवसांत अहवाल हजर! मुलाने फक्त वर आपले नाव घालायचे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येऊन राहतात. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांतल्या एकाचा अहवाल माझ्या हाती आला. छपाई सुबक, तक्ते रंगीत. वाचू लागलो, तर दुसऱ्याच पानावर लिहिलेले, ‘गावातील जमीन काळी, कसदार व खोल असून वार्षिक पर्जन्यमान ६०० मिलिमीटर आहे. मुख्य पिके कापूस व तूर.’

मी त्या मुलाला पडवीत घेऊन आलो. समोर जांभ्याचा कातळ, त्यापलीकडे कलमांची बाग आणि वरून मुसळधार पाऊस. सहाशे मिलिमीटर पाऊस तर आपल्याकडे एकट्या जुलैत पडून जातो! मुलाने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, “सर, दीड हजार रुपये देऊन करून घेतला. त्यानं गावाचं नाव तेवढं बदललं.”

मी विचारले, “बरे, हापूसला पॅक्लोब्युट्राझोल किती द्यायचे?” तो म्हणाला, “बाटलीवर लिहिलेलं असतं, सर.”

बागायतदारांना हे वाचून हसू येईल. झाडाचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर विस्तार मोजायचा, सरासरी काढायची आणि मीटरमागे ३ मिलिलिटर औषध पाण्यात मिसळून १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान मुळांशी द्यायचे, ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आपल्या तोंडपाठ आहे. मात्रा जास्त झाली तर पालवी आखूड, गुच्छासारखी येते आणि झाड दुबळे होते. हा मुलगा उद्या पदवी घेऊन कृषी सेवा केंद्र काढील. त्या वेळी एखादा नवखा शेतकरी त्याच्या शब्दावर विसंबून बागेत जाईल. गुण त्या मुलाला मिळतील, पण नुकसान कुणाचे होईल?

मी तरी धुतल्या तांदळासारखा आहे असे नाही. आमच्या वेळी कीटक गोळा करून, टाचणीने टोचून, पेटीत लावून द्यावे लागत. मी आळसाने वरच्या वर्गातल्या मुलाची पेटी घेतली, नावाची चिठ्ठी बदलली आणि चांगले गुण मिळवले. नोकरीच्या पहिल्याच हंगामात एका बागायतदाराने मला बोलावले. मोहोर चिकट झाला होता, पाने काळी पडत होती. काम होते तुडतुड्यांचे. मी मात्र नुसती बुरशी समजून गंधक फवारायला सांगितले. मोहोर गळून गेला. तो गृहस्थ मला एका शब्दानेही बोलला नाही. पुढच्या वर्षी सल्ला विचारायला मात्र तो दुसरीकडे गेला. त्या पेटीची किंमत मला अशी कळली.

हा धंदा जगभर चालतो. असे काम विकून देणाऱ्यांविरुद्ध ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये कायदा केला. तिथला अनुभव असा, की हे विक्रेते पुढे त्याच विद्यार्थ्याला ‘तुझ्या कॉलेजला कळवू’ असे धमकावून आणखी पैसे उकळतात. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केले आहेत. प्रबंधातला ६० टक्क्यांहून अधिक मजकूर दुसरीकडून उचललेला निघाला, तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होऊ शकते.

मुले असे का करतात? सगळीच काही लबाड नसतात. मराठी शाळेतून गेलेल्या मुलाला कॉलेजात एकदम इंग्रजीत लिहावे लागते. विचारायची लाज वाटते, काम साठत जाते आणि शेवटच्या आठवड्यात धीर सुटतो. त्यात घरून एकच प्रश्न येतो, “टक्के किती पडले?”

तेव्हा आई-वडिलांनो, मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आली, की तिची वही मागून घ्या. इंग्रजी वाचता येत नसले तरी बिघडत नाही. ‘यात काय लिहिलंस ते मला आपल्या भाषेत सांग,’ एवढेच म्हणा. जिने स्वतः केले असेल, ती बागेत नेऊन दाखवील. जिला सांगता येणार नाही, तिच्यावर ओरडू नका. अडले कुठे ते विचारा आणि प्राध्यापकांना भेटायला लावा. चुकतमाकत केलेल्या कामाला चार गुण कमी पडले, तर पडू द्या.

कलम घेताना आपण खात्रीची रोपवाटिका पाहतो, कारण फसवणूक कळायला पाच-सहा वर्षे जातात. तोवर खड्डा, खत आणि उमेद, सगळे वाया गेलेले असते. विकतच्या पदवीचेही तसेच आहे. तिचे फळ घरच्यांना उशिरा दिसते, आणि तेव्हा कलम पुन्हा लावायला वेळ उरलेला नसतो.