नजर आभाळाकडे, डास पिंपात

थंडीत उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले की भिगवण-कुंभारगावला गाड्यांची रीघ लागते. या पाण्याकडे पाहण्याची दुसरी नजर आली ती २००६ नंतर. त्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मेल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ असल्याचं सांगितलं आणि देशातल्या पहिल्या बर्ड फ्लूची नोंद झाली. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. तिथे माणसाला लागण झाल्याचं आढळलं नाही. चिकनचा भाव मात्र देशभर पडला.

बर्ड फ्लू पाहुणे पक्षी आणतात, हा संशय अगदीच पोकळ नव्हता. डिसेंबर २०२० च्या अखेरीपासून हिमाचलातल्या पोंग धरणावर हजारो पक्षी बर्ड फ्लूने मरून पडले, त्यात बहुतेक पट्टकादंब. हाच हंस हिमालय ओलांडून उजनीलाही येतो. पाण्यावर मेलेला एखादा पक्षी दिसणं नेहमीचंच. एका जागी दहा-वीस दिसले, तर ते आधी कळणार रोज होडी घालणाऱ्या मासेमाराला. त्याचं सांगणं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पोचलं, तरच भोपाळच्या यंत्रांना काम.

माणसांतल्या साथीचं म्हणाल, तर २०२० च्याच मार्चच्या शेवटी बारामतीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. रस्ते बंद झाले, किराणा-दूध घरपोच, घरोघर तपासणी. राजस्थानातल्या भिलवाड्याच्या चालीवर ‘बारामती पॅटर्न’ हे नावही पडलं. पॅटर्न म्हटलं की आपल्याकडे निम्मं काम झाल्यासारखं वाटतं! पण तोवर कोरोना कुणाला अनोळखी राहिला नव्हता. ज्याचं नावच कुणाच्या मनात नाही, तो आजार ओळखणं वेगळं.

ते घडलं शेजारच्या पुरंदरात, जेजुरीजवळच्या बेलसरला. जुलै २०२१ च्या सुरुवातीपासून गावात ताप होता. पाच नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले. तिघांना चिकुनगुनिया निघाला. सांधे धरणारा ताप, रोगाचं नाव मिळालेलं. फाइल तिथेच मिटली असती. पण संस्थेचं पथक गावात आलं, २७ ते २९ जुलैदरम्यान आणखी ४१ नमुने घेतले. त्यांत २५ चिकुनगुनियाचे, ३ डेंग्यूचे आणि एक झिकाचा. ३१ जुलैला जाहीर झालं : महाराष्ट्रातला पहिला झिका. झिका झालेली पन्नाशीची बाई तोवर बरीही झाली होती. झिकाची खरी भीती पोटातल्या बाळाला, आणि तो लैंगिक संबंधातूनही पसरतो. म्हणून गावाला चार महिने दिवस जाऊ देऊ नका असं सांगण्यात आलं, निरोध वाटले गेले.

झिकाचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. बेलसरपासून पुढे मोरगाव-सुप्याचा जिरायती पट्टा. उन्हाळ्यात टँकर आला की पिंपं, हंडे, टाक्या भरून ठेवायच्या आणि पुढची खेप येईतो पुरवायच्या. आशाताई दारात येऊन आठवड्याचा कोरडा दिवस पाळा म्हणते, तेव्हा ती हेच पाणी ओतून द्यायला सांगत असते.