बेलेरोफनचं दारूकोठार

२१ ऑक्टोबर १८०५. ट्रफाल्गरच्या लढाईत ‘बेलेरोफन’ ही ब्रिटिश युद्धनौका ‘एग्ल’ या फ्रेंच जहाजाला अक्षरशः खेटून लढत होती. फ्रेंचांनी फेकलेला एक हातबाँब खालच्या मजल्यावरच्या तोफेच्या खिडकीतून आत आला आणि तोफखान्याच्या सामानाच्या कोठीत फुटला. शेजारच्या बोळातच दारूकोठार! स्फोटाने कोठीचं दार सताड उघडलं, पण त्याच धक्क्याने दारूकोठाराचं दार बंद झालं. आग कोठीतच राहिली आणि फारसा गाजावाजा न होता विझवलीही गेली. एक दार उलट्या बाजूला उघडणारं असतं, तर जहाजावरची शेकडो माणसं क्षणात संपली असती. कप्तान जॉन कूक त्या दिवशी मारले गेले. त्यांच्या जागी उभं राहिलेल्या लेफ्टनंट कंबी यांनी दुसरा एक पेटता हातबाँब स्वतः उचलून समुद्रात भिरकावला.

टॉमस स्लेड यांच्या आराखड्यावर बांधलेली ही ७४ तोफांची नौका १७८६ मध्ये मेडवे नदीत उतरली. खालच्या मजल्यावरची एकेक तोफ साडेचौदा किलोचा लोखंडी गोळा फेकायची, आणि हे सगळं ओझं वाहून न्यायचं ते निव्वळ वाऱ्याच्या जोरावर!

१७९८ मध्ये नाईल नदीच्या मुखाजवळच्या लढाईत तिने ‘लोरियाँ’ या तिच्याहून कितीतरी मोठ्या फ्रेंच जहाजासमोर नांगर टाकला. तिन्ही डोलकाठ्या कोसळल्या, १९७ माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि ती भरकटत दूर गेली. तेच बरं झालं, कारण त्याच रात्री ‘लोरियाँ’चं दारूकोठार उडालं.

१५ जुलै १८१५ ला नेपोलियन शरण आला तो ‘बेलेरोफन’वरच, कप्तान मेटलंड यांच्या स्वाधीन. इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्याला पाहायला होड्यांची झुंबड उडाली, तेव्हा खलाशी फळ्यांवर खडूने लिहून त्याची खबर द्यायचे: आता न्याहारी करतोय, आता खोलीत गेलाय. त्याचं पाऊल मात्र इंग्लंडच्या भूमीवर कधीच पडलं नाही.

पुढे या जहाजाच्या डोलकाठ्या उतरवून त्याचा तरंगता तुरुंग केला. हे माझ्या मनाला फार लागतं. १८२४ मध्ये नावही बदलून ‘कॅप्टिव्हिटी’ ठेवलं, आणि १८३६ मध्ये ते भंगारात विकलं.