छोट्या आगगाडीचे इंजिन



काड्यापेटीमागे काड्यापेटी दोऱ्याने बांधून तिची आगगाडी आपण सर्वांनीच लहानपणी ओढली असेल. शिट्टी आपल्याच तोंडाने वाजवायची आणि पुढच्या पेटीला इंजिन म्हणायचे! ह्या खेळाची पुढची पायरी म्हणजे रुळांवरून विजेने धावणारी छोटी आगगाडी. मेर्क्लिन नावाच्या जर्मन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठराविक मापांच्या रुळांवर धावणाऱ्या गाड्या मांडल्या. पुढे ह्या खेळण्याचा मोठ्या माणसांनाही छंद लागला. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. शाळेची सहल त्या बाजूला गेली तर मुलांना ते जरूर दाखवावे.

ह्या छंदात काही माणसे अशी असतात की त्यांना विकत आणलेल्या इंजिनावर समाधान नसते. ती ते उघडतात, त्याचे वजन वाढवतात, दाते बदलतात, नवा रंग देतात. आपण म्हणाल, हा रिकामपणचा उद्योग आमच्या काय कामाचा? पण थोडे थांबा. खरे इंजिन ८७ पट लहान केले म्हणजे त्याचे सगळेच गुण ८७ पट लहान होतात असे नाही. काही त्याहून कितीतरी अधिक घटतात आणि काही मुळीच घटत नाहीत. हा बिघडलेला मेळ पुन्हा बसवणे म्हणजे इंजिनाची सुधारणा. त्यात शाळेतले निम्मे गणित आणि पदार्थविज्ञान येऊन जाते.

८७ हा आकडा मी उगीच घेतलेला नाही. जगात फार चालणारे माप एकास सत्त्याऐंशीचे आहे. त्याला एचओ म्हणतात. त्यात दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. साडेसोळाला ८७ ने गुणा, म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या रुळांचे १४३५ मिलिमीटरचे अंतर मिळते. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणून आपले इंजिन ह्या मापात करून बाजारातल्या साडेसोळाच्या रुळांवर उभे केले, तर त्याच्या पायांत सुमारे पावणेतीन मिलिमीटरची चोरी होतेच. इंग्रजांनीही अशी तडजोड केली. त्यांची खरी इंजिने अंगाने लहान. त्यांच्या छोट्या प्रतिकृतीत त्या काळच्या मोटारी मावेनात. तेव्हा त्यांनी इंजिन एकास ७६ मापाचे केले आणि रूळ तेच ठेवले. अंगरखा मोठा झाला, पण जोडा तोच राहिला!

आता वजनाचे पाहू. आपल्या रेल्वेत १९६२ पासून आलेले डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन ११२.८ टनांचे. त्याची ८७ पट लहान प्रतिकृती किती वजनाची व्हावी? मुले चटकन ८७ ने भागतील आणि एक टनाहून जास्त उत्तर काढतील. त्यांना हसू नका. त्यांना म्हणा, लांबी ८७ पट घटली, रुंदी ८७ पट घटली आणि उंचीही ८७ पट घटली. म्हणून भागायचे ते ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ ने, म्हणजे ६,५८,५०३ ने. उत्तर येते सुमारे १७१ ग्रॅम. पावशेरही नाही! एवढे हलके इंजिन डबे ओढताना जागच्या जागी चाके फिरवते. कुळव जमिनीत रुतावा म्हणून शेतकरी वर दगड ठेवतो, तसे छंदी माणूस इंजिनाच्या पोटात शिसे ठेवतो. हे वजन ओढणाऱ्या चाकांच्या बरोबर मध्यावर हवे. मागे गेले की इंजिन बैलगाडीसारखे उलार होते.

चाकाला रबराची बारीक कडी चढवूनही पकड वाढते. पण तिथे दुसरीच अडचण उभी राहते. ह्या इंजिनाला वीज मिळते ती रुळांतूनच. एका रुळातून ती एका बाजूच्या चाकात येते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकातून परत जाते. दाब साधारण बारा व्होल्टचा असतो, म्हणजे मोटारीच्या बॅटरीएवढा. रुळांतल्या धन-ऋण बाजू उलट केल्या की इंजिन मागे धावते. रबरातून वीज जात नाही, म्हणून त्या चाकाने पकड दिली, पण वीज घालवली. शिवाय इंजिन ८७ पट लहान झाले तरी धुळीचा कण मुळीच लहान होत नाही. खऱ्या रुळावर जो कण कुणाला दिसणारही नाही, तो इथे वाटेतला दगड होतो. अशा वेळी पहिली सुधारणा म्हणजे सफाई. दुसरी म्हणजे जी चाके वीज घेत नाहीत त्यांनाही पातळ, लवचिक फॉस्फरब्राँझची पट्टी टेकवणे. तिसरी म्हणजे मोटारीच्या दांड्यावर पितळेचे जड चाक बसवणे. वीज क्षणभर तुटली तरी त्या चाकाच्या गतीवर इंजिन पुढे सरकते.

वेगाचाही हिशेब असाच आहे. समजा, मोटार मिनिटाला १२,००० फेरे घेते आणि तिचे पंधरा फेरे झाले की चाकाचा एक होतो. म्हणजे चाकाचे ८०० फेरे. आपल्या डिझेल इंजिनाचे छोटे चाक एका फेऱ्यात जवळजवळ चार सेंटिमीटर जाते. म्हणून मिनिटाला अंतर ३२ मीटरच्या आसपास. त्याला ८७ ने आणि मग ६० ने गुणले की ताशी १६० किलोमीटरच्या वर वेग दिसतो. खऱ्या इंजिनाची मर्यादा होती १२० ची! म्हणून पंधराऐवजी वीस फेऱ्यांना एक अशी दात्यांची जोडी बसवतात. वेग आवाक्यात येतो आणि ओढही वाढते.

आता माझी फजिती ऐका. शेजारच्या आठवीतल्या मुलाला त्याच्या मामाने वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती दिली होती. चार डबे जोडले की ती घसरे. तो माझ्याकडे आला. मी गणिताचा माणूस. मी वजनाचा हिशेब केला, बॉयलरच्या पोकळीत शिशाचे छर्रे भरले आणि ते हलू नयेत म्हणून सुताराचा पांढरा डिंक वर ओतला. इंजिन सात डबे ओढू लागले. पोराच्या डोळ्यांतला आनंद पाहून मलाही थोडा गर्व झाला, हे कबूल करतो.

चार वर्षांनी तोच मुलगा कापडात गुंडाळलेले इंजिन घेऊन आला. म्हणाला, “सर, ह्याचं पोट फुटलं.” खरोखरच बॉयलर उभा चिरला होता आणि फटीतून पांढरी भुकटी बाहेर आली होती. कॉलेजातल्या रसायनाच्या प्राध्यापकांनी ती पाहिली आणि ते हसले. म्हणाले, “तुम्ही सफेता तयार केलात!” पूर्वी रंगासाठी शिशाच्या पट्ट्या सिरक्याच्या वाफेत कोंडून सफेता करीत. पांढऱ्या डिंकातूनही सिरक्यासारखेच आम्ल निघते. त्याने शिसे खाल्ले, हवेतल्या ओलाव्याची आणि कार्बन डायॉक्साइडची त्याला साथ मिळाली. तयार झालेल्या भुकटीला मूळ शिशाहून अधिक जागा लागते. ती न मिळाल्याने तिने भिंत फोडली. माझा हिशेब ग्रॅमपर्यंत बरोबर होता. मी फक्त शेजारच्या खोलीत जाऊन एक प्रश्न विचारला नव्हता.

मुलाची मी माफी मागितली. मग हातमोजे घालून आम्ही भुकटी ओलीच खरवडून काढली, कारण ती विषारी आहे. पोकळीत पितळेचे तुकडे एपॉक्सीने बसवले आणि चिरेवर लांबी भरून रंग दिला. निरखून पाहिले तर ती रेघ अजून दिसते. मुलाला ती पुसायची होती. मीच म्हटले, राहू दे.

रंगाविषयी एवढेच सांगतो की नवे कोरे चकचकीत इंजिन खरे वाटत नाही. पातळ केलेला काळा-तपकिरी रंग खाचांतून सोडला आणि चिमणीजवळ कोळशाची पूड बोटाने चोळली की ते कामाला लागलेले दिसते. आणखी एक नवी सुधारणा आहे. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० नंतरच्या दशकात विजेबरोबर रुळांतूनच संदेश पाठवण्याची एक सामाईक पद्धत ठरवून दिली. इंजिनात नखाएवढी चकती बसवली की एकाच रुळावरच्या दोन इंजिनांना वेगवेगळे हुकूम देता येतात. मात्र ती बसवण्याआधी मोटारीचा सांगाड्याशी असलेला विजेचा संबंध तोडावा लागतो, नाहीतर चकती जळते.

गुरुजी, तुमच्या शाळेत असे इंजिन नसेल. एखाद्या मोडक्या खेळण्यातली मोटार तर मिळेल? तिची गाडी करा. शिसे मुलांच्या हाती देऊ नका, लोखंडी नट चालतील. आधी वहीत तीन गोष्टी लिहून घ्या: गाडीचे वजन किती, ती किती ओझे ओढते आणि एक मीटर जायला किती सेकंद लागतात. मग एका वेळी एकच फेरफार करा आणि तिन्ही गोष्टी पुन्हा मोजा. दोन फेरफार एकदम केले तर गुण कशाचा आणि दोष कशाचा ते कळणार नाही. आणि नवी वस्तू जुन्या वस्तूशेजारी ठेवताना, ह्या दोघींचे चार वर्षे पटेल का, एवढे कुणा जाणत्याला विचारा. मी विचारले नव्हते.